पहिल्या रायफलीची दृष्टी

कोल्हापुरातील शाहूपुरीत तीन पिढ्या गुळाची अडत करणाऱ्या एका जैन कुटुंबात जवळजवळ वर्षभर एका लहानशा वस्तूचा विचार चालला होता. ही वस्तू तळहातावर मावते. ती रायफलीच्या नळीवर बसवावयाची आणि तिच्यातून लक्ष्याकडे पाहावयाचे, एवढाच तिचा उपयोग. नेमबाजीच्या मैदानावर तिला ‘साइट’ म्हणतात. जुन्या मराठीत बंदुकीच्या तोंडाजवळील खुणेला ‘माशी’ असा शब्द आहे. अकरा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या रायफलीवर कोणती साइट असावी, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा होता आणि मुलीच्या वडिलांनी आरंभी तो तसाच घेतला. परंतु ज्या घरात रायफल हा शब्दच परका, तेथे तो केवळ खरेदीचा राहणे शक्य नव्हते.

मुलीला हा नाद कोठून लागला हे सांगण्यास फार शब्द लागत नाहीत. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्यानंतर काही दिवस त्या मुलीच्या वर्गातील प्रत्येक पट्टी आणि प्रत्येक छत्री रायफल झाली होती. कोल्हापूरला हे वेड नवे नाही. येथील तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्णपदक आणले. इतर मुलांच्या छत्र्या पुन्हा छत्र्या झाल्या. ही मुलगी मात्र सुटीतील दहा दिवसांच्या शिबिराला गेली आणि दहाव्या दिवशी प्रशिक्षकांनी वडिलांना बोलावून सांगितले की तिच्या हाताचे नंतर पाहू, पण ती उभी छान राहते. या वयात पोर दोन मिनिटे न हलता उभे राहणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. घरात कोणी नृत्य वगैरे शिकविते काय, असेही त्यांनी विचारले. नृत्य कोणी शिकवीत नव्हते. आजीबरोबर ती लहानपणापासून सामायिकाला बसे आणि कायोत्सर्गाला उभी राही. हे उत्तर वडिलांनी संकोचाने दिले. ज्या आजीने उभे राहणे शिकविले, तिच्यासमोरच आता हा विषय काढावयाचा होता.

आजींचा नकार हळवेपणाचा नव्हता. मंदिरातील स्वाध्यायाला त्या चाळीस वर्षे जात आहेत आणि श्रावकाच्या बारा व्रतांची नावे त्यांना पेढीच्या खातेवहीइतकी स्वच्छ पाठ आहेत. गुणव्रतांतील अनर्थदंडविरमण व्रत त्यांनी पुढे केले. निष्कारण घडणाऱ्या पापाचे जे पाच प्रकार त्यात सांगितले आहेत, त्यांत हिंसादान हा एक. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे हिंसादान. आपण स्वतः काहीच केले नाही, हा बचाव तेथे चालत नाही. आजींचे म्हणणे एवढेच होते की घरातील विळी भाजीपुरती आहे, शेतातील कोयता उसापुरता आहे, त्यांचा प्रयोजनाशी संबंध आहे. रायफलीचे प्रयोजन काय ते मला सांगा.

हे कुटुंब अशा प्रश्नांना हसून बाजूला सारणारे नव्हे. गुळाच्या गोदामात उंदीर येणारच, परंतु या पेढीवर आजतागायत विषाची गोळी पडलेली नाही. पिंजरा लावतात आणि सकाळी हमाल तो उंदीर लांब ओढ्याकाठी सोडून येतो. तो उंदीर संध्याकाळी परत येतो, असे शेजारचे व्यापारी म्हणतात. ते खरेही असेल. कीटकनाशकांची किफायतशीर एजन्सी एकदा चालून आली होती, ती आजोबांनी विषवाणिज्य म्हणून नाकारली. जेथे नफ्यावर पाणी सोडून नियम पाळला गेला, तेथे मुलीच्या हौसेसाठी तो वाकवावा काय, हा आजींच्या बोलण्यातील न उच्चारलेला भाग होता, आणि वडिलांना तोच अधिक टोचला.

वडिलांनी मग व्यापारी जे करतो ते केले. ज्या मालाची माहिती नाही त्याचा भाव करावयाचा नाही, म्हणून ते चार रविवार मुलीबरोबर रेंजवर जाऊन बसले. तेथे कळलेली पहिली गोष्ट त्यांना धीर देणारी होती. मुलांच्या नेमबाजीत जी एअर रायफल वापरतात, तिच्यात दारू नसते. दाबलेल्या हवेने शिशाचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा १० मीटरवरील कागदावर जातो. त्या व्यासाची आणि २० ज्यूलच्या आतील शक्तीची एअर रायफल बाळगण्यास आपल्याकडे परवाना लागत नाही. कागदावर दहा वर्तुळे असतात. सर्वांत बाहेरचे ४५.५ मिलिमीटर व्यासाचे, मधला काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा, आणि दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा. गुळाच्या तीस किलोच्या रव्याला दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी चालविणाऱ्या माणसाला अर्धा मिलिमीटर म्हणजे काय हे समजण्यास थोडा वेळ लागला.

दुसरी गोष्ट साइटची. प्रशिक्षकांनी तीन प्रकार टेबलावर मांडले.

पहिला प्रकार ओपन साइट. मागे खाच, पुढे माशी. खाचेच्या बरोबर मध्ये माशी, माशीचा माथा खाचेच्या काठाशी सपाट, आणि त्या माथ्यावर काळा गोळा टेकलेला, असे तीन पदार्थ एका रेषेत आणावयाचे. अडचण अशी की तिघांची अंतरे वेगळी आणि डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहू शकतो. खाचेकडे पाहावे तर गोळा पुसट, गोळ्याकडे पाहावे तर माशी दुहेरी. नवख्याचा डोळा सारखा या तिघांत धावत राहतो. जाणता नेमबाज दृष्टी माशीवर ठेवतो आणि गोळा थोडा धूसर दिसतो हे मान्य करून टाकतो. चूक किती महाग पडते याचा हिशेब वडिलांनी तेथेच बोटांवर केला. खाच आणि माशी यांच्यात अर्धा मीटर अंतर धरले आणि माशी खाचेत एक मिलिमीटरने सरकली, तर १० मीटरवर छर्रा २० मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे केंद्र तर सुटतेच, पण काळा गोळाही सुटतो. जत्रेतील फुग्यांच्या बंदुकीने नेम का लागत नाही, याचा उलगडा त्यांना चाळीस वर्षांनी झाला. त्या बंदुकांच्या माश्या वाकलेल्या असत, आणि वाकलेल्या असणे हाच तेथील धंदा असे.

दुसरा प्रकार पीप साइट. मागे खाचेऐवजी एक चकती आणि तिच्यात मिलिमीटरभर व्यासाचे छिद्र. पुढे नळीच्या टोकाशी एक लहान बोगदा आणि त्यात एक कडे. छिद्रातून कडे पाहावयाचे आणि कड्याच्या मधोमध काळा गोळा ठेवावयाचा. छिद्राच्या मध्यावर येण्यास डोळ्याला सांगावे लागत नाही. तो आपोआप तेथे येतो. एक पदार्थ सांभाळावयाचा कमी झाला. शिवाय लहान छिद्रातून येणारा प्रकाश इतका निवडक असतो की जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी रेखीव दिसते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील सगळी १० मीटर रायफल नेमबाजी याच प्रकारच्या साइटवर चालते. शालेय स्पर्धांत मात्र ओपन साइट आणि पीप साइट असे दोन स्वतंत्र गट असतात, आणि पालकांचा गोंधळ बहुधा तेथूनच सुरू होतो.

तिसरा प्रकार दुर्बीण. तिच्याविषयी प्रशिक्षक दोन वाक्ये बोलले. १० मीटरच्या स्पर्धेत ती चालत नाही. आणि आणू नका.

हे दुसरे वाक्य वडिलांच्या लक्षात राहिले, पण ते मुंबईच्या काकांपर्यंत पोहोचले नाही. पुतणी नेमबाजी शिकते आहे हे ऐकून काकांना मनापासून आनंद झाला होता, आणि आनंद झाला की ते वस्तू पाठवितात. मुलीच्या वाढदिवसाला पेटी आली. आत काळीभोर, जड, देखणी दुर्बीण होती. पेटीच्या झाकणावर फांदीवर बसलेल्या एका पक्ष्याचे चित्र होते आणि त्याच्या छातीवर दुर्बिणीतील दोन रेघांचा छेद.

झाकण कोणी नीट पाहिले नाही. मुलगी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेली. रायफल घरात नव्हतीच; ती क्लबची आणि क्लबमध्येच. गच्चीवर आजी कुरडया वाळत घालीत होत्या. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर पारवा बसला होता. मुलीने दुर्बीण डोळ्याला लावली, थोडी इकडेतिकडे फिरविली आणि ती आनंदाने ओरडली, “आज्जी, त्याचा डोळा दिसतोय! अगदी इथंच बसलाय असं वाटतं.” मग ती श्वास रोखून उभी राहिली. शिबिरात शिकविले होते तसे पाय रुंदावून, कोपर कमरेशी टेकवून, अगदी स्थिर.

आजी काही बोलल्या नाहीत. राहिलेल्या कुरडया तशाच टोपलीत ठेवून खाली आल्या. त्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचे त्यांचे जेवण झाले नाही, आणि दिवेलागणीला वडील पेढीवरून आले तेव्हा घरात सर्वांना ते ठाऊक होते.

“तिच्या हातात बंदूक नव्हती, मला माहीत आहे,” दुसऱ्या दिवशी सकाळी आजी मुलाला म्हणाल्या, “पण त्या रेघा पाखरावर होत्या, बाळा.”

या वाक्याला घरात कोणापाशी उत्तर नव्हते. मुलीचा हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. पण यंत्राला स्वतःचे एक वळण असते आणि ते वापरणाऱ्याच्या हातात हळूहळू उतरते, हे आजींना सांगावयाचे होते. दुर्बीण दूरच्या सजीवाला जवळ आणते आणि त्याच्यावर एक खूण ठेवते. तिची घडणच त्यासाठी झाली. एरवी १० मीटरवरच्या कागदासाठी ती कशाला हवी? तिच्या कित्येक प्रकारांत एवढ्या जवळचे चित्र स्वच्छही येत नाही; डोळा तिच्यापासून आठ-नऊ सेंटिमीटर मागे ठेवावा लागतो, तो ठेवताना लहान मुलाची मान अवघडते; आणि स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का पुढे-मागे असा दुहेरी असल्याने साधी दुर्बीण काही दिवसांत निकामी होते. एवढी सगळी गैरसोय असून ती खपते, ती चित्रातल्या पाखरामुळे.

पाठशाळेच्या पंडितजींना वडिलांनी गाठले. त्यांनी निर्णय दिला नाही. तो घराने करावयाचा असतो, असे म्हणाले. मात्र धीवर आणि शेतकरी यांचा शास्त्रातील जुना दृष्टान्त त्यांनी पुन्हा ऐकविला. दिवसभर जाळे टाकून एकही मासा न मिळालेला धीवर घरी येतो आणि दिवसभर नांगरताना असंख्य सूक्ष्म जीव ज्याच्याकडून मेले तो शेतकरीही घरी येतो. पहिल्याचा संकल्प हिंसेचा होता, दुसऱ्याचा पिकाचा. वडिलांना हा दृष्टान्त लहानपणापासून माहीत होता. तरीही परत येताना त्यांच्या मनात तो वेगळ्या रीतीने फिरत राहिला. शेतकऱ्याच्या हातात नांगर असतो आणि धीवराच्या हातात जाळे. साधन पाहूनच संकल्प ओळखू येतो. मग रायफलीच्या बाबतीत संकल्प कोणत्या भागावरून ओळखावा? नळी आणि दस्ता तर सगळ्यांचे सारखेच.

पुढच्या रविवारी त्यांनी प्रशिक्षकांना सरळ प्रश्न केला. ओपन साइटच्या रायफलीने पाखरू मारता येते काय? प्रशिक्षक चपापले, पण खरे बोलले. येते. पूर्वी शिकारी याच साइटवर शिकार करीत. दोन्ही डोळे उघडे ठेवून, हलत्या सावजामागे नळी फिरवीत नेता यावी, यासाठीच खाच वरून उघडी असते. आणि पीप साइटने? येथे ते हसले. अशक्य काहीच नाही, पण या चकतीच्या छिद्रातून आणि त्या बोगद्यातल्या कड्यातून झाडावरचे पाखरू शोधणे म्हणजे सुईच्या नेढ्यातून रंकाळा पाहणे. ते सापडेपर्यंत उडून जाईल. ही साइट उजेडात टांगलेल्या एका गोल ठिपक्यासाठी केलेली आहे.

वडिलांच्या दृष्टीने येथे प्रश्न सुटला होता. परंतु प्रशिक्षकांना तो तसा सुटावयास नको होता, कारण त्यांचा क्रम उलटा होता. लहान मुलाने पहिले सहा महिने ओपन साइटवरच काढावेत, असे त्यांचे ठाम मत. पीप साइट फार मदत करते; मदतीची सवय झालेले मूल स्वतःची चूक ओळखण्यास शिकत नाही. खाच आणि माशी सांभाळता सांभाळता त्याला कळते की आपला श्वास कोठे अडतो, घोडा ओढताना आपले बोट कोठे झटका देते. शिवाय साध्या स्प्रिंगच्या रायफलीवर खर्चही कमी. परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल लाखाच्या पुढे जाते, आणि बारा वर्षांचे मूल चौदाव्या वर्षी बॅडमिंटन खेळू लागले तर ती कपाटात पडून राहते. हा सल्ला प्रामाणिक होता आणि धंद्याच्या माणसाला पटणाराही होता. नेमबाजीच्या दृष्टीने ओपन साइट आधी. आजींच्या दृष्टीने ती येऊच नये. अशा ठिकाणी बहुतेक घरांत जो अधिक मोठ्याने बोलतो त्याचे चालते.

येथे कोणी मोठ्याने बोलले नाही. वडिलांनी आईला रेंजवर येण्याची विनंती केली आणि बराच वेळ घेऊन आजी हो म्हणाल्या. त्या आल्या तेव्हा मुलीला आधी सांगितलेले नव्हते. आजी भिंतीजवळच्या खुर्चीत बसल्या. बारा-पंधरा मुले एका रांगेत उभी होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. छर्रा सुटल्याचा बारीक फटकारा तेवढा मधूनमधून येई. मुलांचे तास संपल्यावर प्रशिक्षकांनी टेकणीवर ठेवलेली एक रिकामी रायफल त्यांना दाखविली, तिच्यात छर्रा नाही हे उघडून दाखविले आणि पीप साइटच्या छिद्राशी डोळा नेण्यास सांगितले.

आजींनी चष्मा काढून हातात धरला. थोडा वेळ काही दिसले नाही. मग त्या म्हणाल्या, “एक कडं दिसतंय. त्यात एक टिकली. आणखी काहीच दिसत नाही की.”

“आणखी काही नसतंच, आजी,” प्रशिक्षक म्हणाले.

त्यांनी आणखी एकदा पाहिले. “चष्म्याशिवाय दिसतंय हो मला,” असे त्या पुटपुटल्या. बारीक छिद्रातून पाहिले की अधू डोळ्यालाही रेखीव दिसते, हा प्रकाशाचा साधा नियम. पण सत्तरीच्या पुढे तो असा अचानक भेटला म्हणजे माणूस क्षणभर सगळे विसरतो. मुलगी शेजारी उभी राहून हसू दाबीत होती.

त्या संध्याकाळी जे ठरले ते असे. ओपन साइटचा अभ्यास क्लबच्या रायफलीवर, क्लबच्या चार भिंतींत, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली करावयाचा. ती रायफल कुटुंबाची नव्हे आणि ती घरी येणार नाही. घरच्या पैशाने जी पहिली रायफल घेतली जाईल तिच्यावर पीप साइटच असेल आणि दुसरी कोणतीही साइट तिच्यासाठी कधी विकत घेतली जाणार नाही. अष्टमी-चतुर्दशीला आणि दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत सराव नाही. शेवटच्या अटीवर मुलीचा चेहरा उतरला, कारण शालेय स्पर्धांचे दिवस बरेचदा भाद्रपदाच्या आसपासच येतात. त्यावर आजींनी सूट दिली नाही आणि वडिलांनीही मागितली नाही. एखादे वर्ष स्पर्धा हुकेल. हुकली तर हुकली, हे मुलीने स्वतः म्हणेपर्यंत दोन दिवस गेले.

हिंसादानाचा आक्षेप आजींनी मागे घेतला, असे म्हणता येणार नाही. त्यांनी तो कोठपर्यंत ताणावयाचा याची रेघ आखली.

काकांची दुर्बीण परत गेली. ही गोष्ट लिहिण्यास सोपी आहे, प्रत्यक्षात ती तशी नव्हती. काकांनी फोनवर ‘ठीक आहे’ म्हटले आणि दिवाळीला ते कोल्हापूरला आले नाहीत. भेट परत करणे म्हणजे देणाऱ्याला तू चुकलास म्हणणे, आणि व्यापारी घरांत भावाभावांतील असा हिशेब पैशाच्या हिशेबापेक्षा अधिक काळ चालतो. वडिलांनी मुंबईला दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला मुलीच्या कागदांची गुंडाळी बरोबर नेली होती. ती पाहून काकांनी गुणांची चौकशी केली, दुर्बिणीची नाही; आणि सध्या तेवढ्यावर ते प्रकरण थांबले आहे.

सहा महिन्यांच्या ओपन साइटच्या काळात एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. मुलीचा हात उजवा, पण प्रबळ डोळा डावा. हे तपासणे अगदी सोपे असते. दोन्ही तळहात पुढे करून मध्ये लहान खिडकी ठेवावी, तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. जो डोळा मिटल्यावर वस्तू नाहीशी होते तो प्रबळ. आपल्या मुलाला नेमबाजीला घालणाऱ्या प्रत्येक पालकाने ही परीक्षा पहिल्या दिवशी घ्यावी, म्हणजे महिनाभर नेम डावीकडे का जातो या कोड्यात मूल रडकुंडीला येत नाही. उपाय दोन होते: रायफल डाव्या खांद्याला लावणे किंवा डाव्या डोळ्यासमोर पांढुरकी पट्टी लावून उजव्याने पाहणे. डोळा मिटून घेणे हा उपाय नव्हे. एक डोळा आवळला की दुसऱ्याचे स्नायूही थकतात. मुलीने डावा खांदा करून पाहिला, तिला तो परका वाटला, म्हणून पट्टी आली.

अशाच इतर बारीकसारीक गोष्टी वडिलांना एकामागून एक कळत गेल्या. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खावयाचे नाही, हा रेंजचा नियम आणि बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात यावयाचे नाही, हा आजींचा नियम, एकमेकांना परस्पर मिळाले. नेमबाजीचे जाकीट कॅनव्हासचे मिळते, पण त्यावरील पट्ट्या आणि अस्तर कशाचे आहे हे विचारून घ्यावे लागते. पहिले जाकीट चामड्याच्या पट्ट्यांमुळे परत करावे लागले.

पीप साइट बसवून रायफल अखेर आली तेव्हा तिच्याबरोबर वेगवेगळ्या मापांच्या कड्यांची एक डबी होती. कडे जितके लहान तितका नेम अचूक, अशी कोणाचीही समजूत होईल. वडिलांचीही होती. पण कडे काळ्या गोळ्याला घट्ट बिलगले की दोघांमधली पांढरी जागा इतकी बारीक होते की डोळा ती सांभाळता सांभाळता दमतो. मूल क्षण गाठण्यासाठी थांबते, श्वास संपतो आणि बोट घाई करते. प्रशिक्षकांनी ३.८ मिलिमीटरचे कडे काढून ४.२ चे घातले. गोळ्याभोवती पांढऱ्याचा ऐसपैस वळसा दिसू लागला, आणि कागदावरची छिद्रे जवळ आली. थोडी मोकळीक ठेवली की नेम सुधारतो, हे वडिलांना प्रथम पटेना. त्यांनी स्वतः दोन्ही कड्यांतून पाहून खात्री करून घेतली.

त्यांच्या मनाला सर्वांत जवळची वाटली ती साइट शून्यावर आणण्याची क्रिया. दर सत्राच्या आरंभी मोजणीबाहेरचे काही छर्रे झाडून पाहतात आणि साइटच्या चकत्या एकेक खटका फिरवून छर्रा मध्यावर आणतात. काल बरोबर असलेली साइट आज बरोबर असेल असे गृहीत धरीत नाहीत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांना अंतिम फेरीच्या तोंडावर चाचणीचा छर्रा भलतीकडे गेल्यावर आपली साइट ढळली असल्याचे कळले. ती पुन्हा लावून ते उभे राहिले आणि शेवटचा नेम १०.८ गुणांचा मारून भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक घेऊन आले. पेढीवरचा काटा उघडताच रिकाम्या पारड्याने शून्य दाखवितो की नाही हे आधी पाहावे, मग पहिला रवा चढवावा, हे वडील त्यांच्या वडिलांकडून शिकले होते. मुलीला ते निराळे शिकवावे लागले नाही.

आजी त्यानंतर रेंजवर गेल्या नाहीत. बोलावले तरी गुडघ्यांचे कारण सांगतात. पण रविवारी संध्याकाळी मुलगी आली, तिने हात धुतले, की तिच्याकडून आठवड्याचे कागद मागून घेतात. चष्मा लावून, खिडकीपाशी उजेडासमोर एकेक कागद धरून छिद्रे मोजतात. गुण त्यांना कळत नाहीत. काळ्याच्या आत किती आणि बाहेर किती, एवढेच त्या पाहतात. गेल्या रविवारी एका कागदावर एक छिद्र अगदी कडेला, पांढऱ्यात होते. ते बोटाने दाखवून त्यांनी विचारले, “हे काय झालं गं?”

“माझं लक्ष दाराकडे गेलं होतं, आज्जी. मला वाटलं तू आलीस.”